भेग भरली म्हणजे पेशी सरकल्या असं नाही: स्तनपेशींचं मायग्रेशन आणि इन्व्हेजन मोजण्याची क्रमवार पद्धत

प्लेटमधल्या पेशींच्या थरात भेग पाडायची, ईजीएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) टाकायचं, दुसऱ्या दिवशी फोटो काढायचा आणि 'मायग्रेशन (पेशींचं सरकणं) वाढलं' असं लिहून मोकळं व्हायचं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून पीएच.डी.च्या प्रगती अहवालापर्यंत हाच प्रकार दिसतो. व्हायवाला परीक्षक एकच प्रश्न विचारतात, "पेशी सरकल्या की वाढल्या?" आणि पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

भेग तीन कारणांनी भरते. पेशी सरकतात, पेशी विभागून संख्येने वाढतात, किंवा कडेच्या पेशी नुसत्या पसरून चपट्या होतात. ईजीएफसारखा सिग्नल रेणू या तिन्हींवर परिणाम करू शकतो. कोणत्या रेणूने नेमकं काय केलं हे वेगळं काढायचं असेल तर प्रयोगांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ या क्रमातच होतो. पुढचे टप्पे नागपूरची हवा आणि इथल्या विभागांच्या वेळा धरून लिहिले आहेत.

## टप्पा १: हूडमध्ये (निर्जंतुक कामाच्या पेटीत) हात घालण्याआधी प्रश्न लिहा

वहीत यांपैकी एकच वाक्य लिहा. एक, हा रेणू पेशींची हालचाल वाढवतो का? दोन, पेशी त्या रेणूच्या दिशेने जातात का? तीन, पेशी मॅट्रिक्स (पेशींभोवतीची प्रथिनांची जाळी) फोडून आत घुसतात का? चार, हे सगळं अमुक रिसेप्टरमार्फत (रेणूचा संकेत घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनामार्फत) होतं का?

पहिल्यासाठी स्क्रॅच (थरात भेग पाडणं) पुरतो. दुसऱ्याला ट्रान्सवेल (बुडाला सच्छिद्र पडदा असलेला छोटा कप) लागतो. तिसऱ्याला मॅट्रिजेल (मॅट्रिक्ससारखं जेल) लावलेला ट्रान्सवेल आणि सोबत न लावलेलाही लागतो. चौथ्याला इन्हिबिटर (रिसेप्टर अडवणारा पदार्थ) किंवा एसआयआरएनए (त्याचं जनुक गप्प करणारा आरएनए) हवा. स्क्रॅचच्या फोटोवरून 'इन्व्हेजन' हा शब्द कधीही लिहू नका. तिथे पेशींसमोर मोकळी प्लेट असते, फोडायला काहीच नसतं.

## टप्पा २: पेशी निवडा आणि त्यांची ओळख पटवा

स्तनकर्करोगाच्या पेशींपैकी एमडीए-एमबी-२३१ आक्रमक आहे. तिच्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि वाढलेलं एचईआर२ यांपैकी काहीच नाही, ईजीएफ रिसेप्टर मात्र भरपूर आहे. एमसीएफ-७ इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली, गठ्ठ्याने वाढणारी आणि जेमतेम घुसणारी. एमसीएफ-१०ए ही गाठ न करणारी स्तनपेशी, तुलनेसाठी उत्तम. कोणती पेशी कोणत्या रेणूला दाद देते हे आधी पाहा. एमसीएफ-७ वर ईजीएफ टाकून फारसं काही दिसलं नाही तर दोष ईजीएफचा नाही, तिच्यावर रिसेप्टरच कमी आहेत. तीच एमसीएफ-७ न्यूरेग्युलिन या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरला चांगली दाद देते. टीजीएफ-बीटा या सिग्नल रेणूच्या बाबतीतही एमसीएफ-७ चे सगळे साठे सारखे नसतात. जास्त पॅसेज (एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पेरणं) झालेल्या काही साठ्यांत त्याचा दुसऱ्या प्रकारचा रिसेप्टर फारच कमी असतो.

एमसीएफ-१०ए वापरणाऱ्यांची एक चूक हमखास ठरलेली. तिच्या नेहमीच्या मीडियममध्ये ५% घोड्याचं सीरम, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन आणि २० नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफ आधीच असतं. त्यात आणखी ईजीएफ टाकून फरक शोधणं व्यर्थ. प्रयोगाचं मीडियम ईजीएफशिवाय वेगळं बनवा.

इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनचा परिणाम पाहायचा असेल तर फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडियम आणि चारकोलने स्वच्छ केलेलं सीरम घ्या. फिनॉल रेडचा स्वतःचाच किंचित इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो.

सावधान: 'शेजारच्या विभागातून फ्लास्क आणला' ही ओळख नव्हे. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनकर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि ती एम१४ या मेलॅनोमाची निघाली. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घ्या, एसटीआर (डीएनएवरून पेशींची ओळख) अहवाल जपून ठेवा आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूची चाचणी नियमित करा. मायकोप्लाझ्माने मीडियम गढूळ होत नाही. पेशींचं वागणं मात्र बदलतं, आणि आपण ते सिग्नलच्या खात्यावर टाकतो.

पुण्याहून जिवंत फ्लास्क मागवायचा असेल तर होळीच्या आत मागवा. मे महिन्यात स्टेशनच्या पार्सल ऑफिसात दोन तास पडून राहिलेला डबा कसा पोचेल ते सांगायला नको.

तपासा: प्रयोगातल्या पेशी कितव्या पॅसेजच्या आहेत ते प्रत्येक प्लेटच्या झाकणावर लिहिलं आहे का? प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करायचा असतो (टप्पा ९), ते तिन्ही पाच-सहा पॅसेजच्या टप्प्यातच उरका.

## टप्पा ३: खोली, कूलर आणि बर्फ

प्रोटोकॉलमध्ये 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं. ते २० ते २५ अंश धरलेलं असतं. एसी बंद पडलेल्या आपल्या खोलीत मे महिन्यात ते ३८ असू शकतं.

बहुतेक सीओटू इन्क्युबेटर फक्त गरम करतात, थंड करत नाहीत. आतलं ३७ अंश टिकायला बाहेरची हवा त्याहून किमान पाच अंशांनी थंड हवी. खोली ३६ वर गेली की आतलं तापमान ३८-३९ वर सरकतं आणि पेशी ताणाखाली येतात. म्हणून खोलीला एसी चोवीस तास लागतो, 'रात्री बंद केला तर काय होतं' हा हिशेब इथे चालत नाही. डिस्प्लेवर विसंबू नका, आत एक वेगळा थर्मामीटर ठेवा.

आणि कल्चर रूममध्ये किंवा तिच्या दाराशी डेझर्ट कूलर नको म्हणजे नको. ओल्या ताट्यांतून येणारी दमट हवा बुरशीचे बीजाणू घेऊन येते. 'बाप्पा, किती गरम होते' म्हणून दार उघडून कूलरची हवा आत घेतली की पुढच्या आठवड्यात फ्लास्कमध्ये पांढरे पुंजके दिसायला लागतात.

कोरड्या उन्हाळ्यात ९६ वेलसारख्या (वेल म्हणजे प्लेटमधला खळगा) लहान वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेलमधलं मीडियम लवकर आटतं आणि क्षारांचं प्रमाण वाढतं. अशा प्लेटच्या कडेच्या वेल प्रयोगासाठी वापरू नका, त्यांत निर्जंतुक पाणी किंवा पीबीएस (क्षारांचा बफर) भरा. इन्क्युबेटरच्या तळातली पाण्याची ट्रे रोज बघा.

## टप्पा ४: सिग्नल पेशीपर्यंत पोचतो का, हे आधी पाहा

हा टप्पा गाळला जातो आणि मग महिनाभर ट्रान्सवेल मोजून शेवटी कळतं की व्हायलमधला रेणूच मेला होता.

ग्रोथ फॅक्टरची पावडर उघडण्याआधी व्हायल थोडी सेंट्रिफ्यूज करा, पावडर बुचाला चिकटलेली असते. पत्रकात सांगितलेल्याच द्रवात विरघळवा. टीजीएफ-बीटा१ साठी सहसा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यात १ मिग्रॅ प्रति मिली बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रथिन) घेतात. नुसत्या पीबीएसमध्ये ते नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं. वाटे छोटे करा, एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नका.

सुरुवातीचे डोस: ईजीएफ १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिली, एचजीएफ (आणखी एक ग्रोथ फॅक्टर) २० ते ५०, टीजीएफ-बीटा१ २ ते १०, सीएक्ससीएल१२ (केमोकाइन, म्हणजे पेशींना आपल्याकडे ओढणारा रेणू) साधारण १००. उदाहरण घ्या, ईजीएफचा साठा १० मायक्रोग्रॅम प्रति मिली आहे आणि हवं २० नॅनोग्रॅम. म्हणजे ५०० पट पातळ, १ मिली मीडियममध्ये २ मायक्रोलिटर. केमोकाइनच्या बाबतीत डोस वाढवला की परिणाम वाढतच जाईल असं समजू नका. आलेख चढतो, माथ्यावर पोचतो आणि उतरतो. एकाच डोसवर 'परिणाम नाही' असा निष्कर्ष काढला तर तुम्ही कदाचित उतारावर उभे असाल.

आता स्टार्व्हेशन, म्हणजे पेशी उपाशी ठेवणं. सीरममध्ये स्वतःचेच ग्रोथ फॅक्टर असतात. ते काढल्याशिवाय बाहेरून टाकलेल्याचा परिणाम दिसणार कसा? ०.१ ते ०.५% सीरमच्या मीडियममध्ये १२ ते १८ तास ठेवा. एमडीए-एमबी-२३१ पूर्ण सीरमशिवायही रात्रभर टिकते. एमसीएफ-१०ए ला तितकं उपाशी ठेवू नका, ती सुटायला लागते.

मग सहा वेलच्या प्लेटमध्ये रेणू द्या आणि वेस्टर्न (ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा. ईजीएफसाठी ५ आणि १५ मिनिटांनी फॉस्फो-ईआरके, टीजीएफ-बीटासाठी ३० आणि ६० मिनिटांनी फॉस्फो-स्मॅड२ (फॉस्फो म्हणजे सिग्नल मिळाल्यावर फॉस्फेट जोडलं गेलेलं प्रथिन).

सावधान: एमडीए-एमबी-२३१ मध्ये केआरएएस आणि बीआरएएफ या ईआरकेला चालू करणाऱ्या दोन्ही जनुकांत म्युटेशन आहे. त्यामुळे उपाशी ठेवूनही फॉस्फो-ईआरकेची पट्टी ठळकच येते आणि मुलं म्हणतात, 'सर, ईजीएफ काम करत नाही.' या पेशीत फॉस्फो-ईजीएफआर किंवा फॉस्फो-एकेटी बघा.

तपासा: पट्टी वाढली? तरच पुढे जा. नसेल तर व्हायल, डोस, रिसेप्टर, याच क्रमाने शोधा.

## टप्पा ५: स्क्रॅच

१. १२ वेलच्या प्लेटच्या बुडाला बाहेरून बारीक मार्करने आडव्या दोन रेघा मारा. प्रत्येक वेळी याच रेघांच्या लगतचा फोटो घ्यायचा आहे. रेघ नसेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही भेगेचा 'बरा दिसणारा' भाग शोधत बसाल.

२. पेशी अशा पेरा की दुसऱ्या दिवशी थर पूर्ण भरेल. ८०% वर स्क्रॅच करू नका, मोकळ्या जागा आधीच असतील तर मोजायचं काय? भरलेला थर मग उपाशी ठेवा.

३. विभाजन थांबवायचं असेल तर मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, दोन तास, मग तीनदा धुवा. ईजीएफ पेशी वाढवतं, म्हणून मायटोमायसिनशिवाय मायग्रेशन फुगलेलं दिसतं. टीजीएफ-बीटा एमसीएफ-१०ए सारख्या पेशींची वाढ रोखतं, तिथे ते कमी दिसतं. म्हणजे एकाच प्रयोगात दोन रेणूंची तुलना करताना चूक दोन विरुद्ध दिशांना होते. मायटोमायसिन सगळ्या पेशींना झेपत नाही, म्हणून आधी डोस पारखा. विषारी आहे, हातमोजे दुहेरी, कचरा वेगळा.

४. २०० मायक्रोलिटरची टिप प्लेटला काटकोनात धरा, पट्टीच्या आधाराने एकाच वेगात एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढली की भेग फाटते.

५. पीबीएसने दोनदा हळू धुवा, पिपेट भिंतीला टेकवून. सुटलेल्या पेशी राहिल्या तर त्या भेगेतच बसतात आणि 'सरकल्या' म्हणून मोजल्या जातात.

६. कमी सीरमचं मीडियम आणि रेणू द्या, लगेच शून्य तासाचा फोटो.

फोटोच्या वेळा आपल्या इमारतीच्या कुलपाप्रमाणे ठरवा. सकाळी ९ ला स्क्रॅच केला तर संध्याकाळी ५ ला ८ तास आणि दुसऱ्या दिवशी ९ ला २४ तास मिळतात. बारा तासांच्या फोटोसाठी रात्री ९ ला वॉचमनला विनवण्या करण्याची गरज नाही. मात्र एका प्लेटला ८ आणि दुसरीला १० तास असं करू नका.

इमेजजे या संगणक प्रोग्रॅममध्ये भेगेचं क्षेत्रफळ मोजा. शून्य तासाच्या क्षेत्रफळातून आताचं वजा करा, शून्याच्या क्षेत्रफळाने भागा, शंभरने गुणा. नुसती एका जागची रुंदी मोजू नका.

तपासा: शून्य तासाला सगळ्या भेगा जवळपास सारख्या रुंद आहेत का? जी दीडपट रुंद आहे ती वेल टाकून द्या, आकडे बघण्याआधीच. आकडे बघून टाकली तर ती लबाडी ठरते.

## टप्पा ६: ट्रान्सवेल मायग्रेशन

२४ वेलच्या प्लेटसाठी ८ मायक्रोमीटर छिद्रांचे इन्सर्ट (ट्रान्सवेलचे कप) घ्या. पांढऱ्या रक्तपेशींसाठीची ३ मायक्रोमीटरची छिद्रं इथे चालत नाहीत. ०.४ मायक्रोमीटरचे तर को-कल्चरसाठी (दोन प्रकारच्या पेशी शेजारी वाढवण्यासाठी) असतात, त्यातून पेशी जातच नाही. खोक्यावरचा आकडा वाचा. दिसायला सगळे सारखेच असतात.

खाली ६०० मायक्रोलिटर मीडियम आणि रेणू आधी भरा. इन्सर्ट तिरका धरून टेकवा आणि मग सरळ करा, नाहीतर पडद्याखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या भागात पेशी उतरत नाहीत. वर २०० मायक्रोलिटरमध्ये ५०,००० पेशी, सीरमशिवाय.

इथली मोठी चूक पेशी सोडवताना होते. ट्रिप्सिन थांबवायला सगळे सीरमचं मीडियम टाकतात. ते नीट धुतलं नाही तर वरच्या भागातही सीरम राहतं आणि ओढ नाहीशी होते. सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटर वापरा, किंवा सीरमशिवायच्या मीडियमने दोनदा धुवा. सीएक्ससीआर४ (सीएक्ससीएल१२ चा रिसेप्टर) सारखे रिसेप्टर पाहायचे असतील तर ट्रिप्सिन टाळा, ईडीटीएने सोडवा. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतं.

दिशा सिद्ध करायची असेल तर चार जोड्या लावा: वर-खाली दोन्हीकडे रेणू नाही, फक्त खाली, दोन्हीकडे, फक्त वर. 'फक्त खाली' आणि 'दोन्हीकडे' सारखेच आले तर पेशी रेणूच्या दिशेने जात नाहीत, नुसत्या जास्त फिरतात. त्याला केमोकायनेसिस म्हणायचं. या चार जोड्यांशिवाय 'केमोटॅक्सिस' (रेणूच्या दिशेने जाणं) लिहिलेलं मला तरी पटत नाही. शिवाय वरखालचा फरक तासागणिक सपाट होत जातो, त्यामुळे १६ ते २४ तासांपलीकडे ताणून फायदा नसतो.

टीजीएफ-बीटाचं गणित वेगळं. त्याचा परिणाम बराचसा जनुकांच्या पातळीवरून, पेशीचा स्वभाव बदलून येतो. खाली ठेवून १६ तासांत फारसं दिसणार नाही. आधी ४८ ते ७२ तास फ्लास्कमध्ये द्या, ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) उतरलं का पाहा, मग त्या पेशी इन्सर्टमध्ये टाका. एमडीए-एमबी-२३१ मध्ये ई-कॅडहेरिन मुळातच जवळपास नसतं, तिथे ते 'उतरलं' असं दाखवायला जाऊ नका.

## टप्पा ७: इन्व्हेजन, म्हणजे मॅट्रिजेल

मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. नागपुरात तर ते हातातच जमतं. आदल्या संध्याकाळी बाटली बर्फाच्या डब्यात घालून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. टिप, ट्यूब, मीडियम, इन्सर्टची प्लेट, सगळं फ्रिजमध्ये थंड करा. सकाळी लवकर, एसी लावून, बर्फावरच काम. बर्फ वेळेवर मिळेल ही आशा धरू नका, आदल्या दिवशी मशीन चालू आहे का बघा.

ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं मॅट्रिजेल घ्या. साध्यात ईजीएफ, टीजीएफ-बीटा, आयजीएफ-१ आधीच असतात, म्हणजे तुमचा कंट्रोल कंट्रोल राहत नाही.

प्रत्येक लॉटचं प्रथिनप्रमाण वेगळं असतं, म्हणून 'एकास तीस' असा घोका उपयोगी नाही. बाटलीवर ९ मिग्रॅ प्रति मिली लिहिलं असेल आणि ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं असेल, तर ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेल आणि १४५० मायक्रोलिटर थंड, सीरमशिवायचं मीडियम. प्रत्येक इन्सर्टला १०० मायक्रोलिटर, बुडबुडा न करता, मधोमध. ३७ अंशांवर दोन तास. नंतर वरचा उरलेला द्रव टिप पडद्याला न लावता काढा. पूर्ण सुकू देऊ नका, तडे जातात आणि पेशी तड्यांतून खाली येतात.

मग १,००,००० पेशी वर, रेणू खाली, २२ ते २४ तास.

सोबत त्याच दिवशी, त्याच पेशींचे, मॅट्रिजेल न लावलेले इन्सर्ट हवेतच, आणि त्यांतही तेवढ्याच पेशी, तेवढाच वेळ. इन्व्हेजनचा आकडा म्हणजे मॅट्रिजेलमधून उतरलेल्या पेशी भागिले साध्या पडद्यातून उतरलेल्या, गुणिले शंभर. रेणूमुळे दोन्हीकडे सारखीच वाढ झाली असेल तर रेणूने हालचाल वाढवली, घुसखोरी नाही. माझ्या मते या विषयातले निम्मे फुगवलेले दावे या एका कंट्रोलने खाली येतील.

वाढ फक्त मॅट्रिजेलमध्ये दिसली तर एमएमपी-२ आणि एमएमपी-९ या मॅट्रिक्स फोडणाऱ्या एन्झाइमसाठी जिलेटिन झायमोग्राफी (जेलमधलं जिलेटिन पचलं तिथे पट्टी दाखवणारी चाचणी) करा. त्यासाठीचं मीडियम सीरमशिवायचंच हवं. सीरममध्ये स्वतःचे जिलेटिनेज असतात आणि कंट्रोलच्या लेनमध्ये सुंदर पांढरी पट्टी येते.

## टप्पा ८: रिसेप्टर बंद करून पाहा

ईजीएफआरसाठी जेफिटिनिब १ मायक्रोमोलर, टीजीएफ-बीटाच्या पहिल्या रिसेप्टरसाठी एसबी४३१५४२ १० मायक्रोमोलर, सीएक्ससीआर४ साठी प्लेरिक्साफॉर. इन्हिबिटर अर्धा ते एक तास आधी द्या आणि ट्रान्सवेलमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे ठेवा. फक्त वर ठेवला तर तो झिरपून पातळ होतो.

डीएमएसओमध्ये विरघळवलेला इन्हिबिटर असेल तर कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ, ०.१% च्या आत. आणि 'फक्त इन्हिबिटर, रेणू नाही' हा गट विसरू नका. त्यातही मायग्रेशन तेवढंच कोसळलं तर इन्हिबिटर पेशींची स्वतःची हालचालच मारतोय.

तपासा: त्याच डोसवर, तेवढेच तास, एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत याची चाचणी) केलं का? मेलेली पेशी सरकत नाही हे सिद्ध करायला प्रयोग नको.

## टप्पा ९: पुसणं, रंगवणं, मोजणं

मीडियम काढा, पीबीएसने धुवा. ओल्या कापसाच्या बोळ्याने पडद्याची वरची बाजू पुसा, काठाच्या कोपऱ्यासकट, दोन वेगळे बोळे वापरून. मग ४% पॅराफॉर्माल्डिहाइड १५ मिनिटं, ०.१% क्रिस्टल व्हायोलेट २० मिनिटं, पाण्यात बुडवून धुणं. प्रत्येक गटातून एक इन्सर्ट न पुसता ठेवा. वर किती पेशी बसल्या होत्या ते त्यातून कळतं.

१०० किंवा २०० पटीवर पाच जागा, मध्यभाग आणि चार बाजू, जागा आधीच ठरवलेल्या. जिथे पेशी दाट तिथे नजर आपोआप जाते, म्हणून नावं झाकून दुसऱ्याला मोजायला द्या. छिद्रंही रंगतात, गोल आणि एकसारखी दिसतात, त्यांना पेशी समजू नका. रंग १०% ॲसेटिक आम्लात विरघळवून ५९० नॅनोमीटरला वाचता येतो. पण वरची बाजू नीट पुसली नसेल तर तो आकडा वरच्या पेशींचाही असतो.

तीन इन्सर्ट, प्रत्येकी पाच जागा, म्हणून एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर पंधरा, हे चूक. पाच जागांची सरासरी म्हणजे एक इन्सर्ट, तीन इन्सर्टची सरासरी म्हणजे एक प्रयोग. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी घेऊन तीनदा केलं तर एन बरोबर तीन. एररबार त्या तिघांवर काढा. चित्राखाली पेशींची संख्या, तास, सीरमचं प्रमाण, मॅट्रिजेलचं प्रमाण आणि लॉट क्रमांक, मायटोमायसिन दिलं की नाही, एवढं लिहा. रंगलेले इन्सर्ट सुकवून लेबल लावलेल्या पेटीत ठेवा, प्रबंध जमा होऊन व्हायवा उरकेपर्यंत टाकू नका.